दुकानातील जुने शीतयंत्र : केव्हा थांबावे, केव्हा बदलावे

जैन आहारशास्त्रातील 22 अभक्ष्यांच्या यादीत ‘चलित रस’ या नावाचा एक प्रकार येतो. ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस किंवा स्पर्श मूळ स्थितीपासून ढळला, तो खाण्यास अयोग्य, हा त्याचा सरळ अर्थ. घरच्या स्वयंपाकघरात ही मर्यादा काटेकोरपणे पाळणारी कुटुंबे दुकानात मात्र एका लोखंडी पेटीवर विसंबून असतात. पनीर, खवा, श्रीखंड, लोणी, आइस्क्रीम असा नाशवंत माल विकणाऱ्याच्या बाबतीत पदार्थाचा रस चळला की नाही, हे पुष्कळदा त्या पेटीच्या प्रकृतीवरच ठरते. आणि पेटीची प्रकृती बिघडते ती एका दिवसात नव्हे. ती दोन-तीन वर्षे हळूहळू ढासळत असते आणि दुकानात बसणाऱ्याला त्या ढासळण्याची सवय होऊन जाते.

ही सवयच सर्वांत महागात पडते. काटा शेवटच्या खुणेवर नेऊन ठेवलेला, झाकणावर वजन म्हणून तेलाचा डबा, मागे भिंतीला टेकलेली जाळी धुळीने भरलेली, आणि तरी ‘चालते आहे ना’ हे उत्तर. बाजारपेठेतील अनेक दुकानांतले हे चित्र आहे.

यंत्र बदलण्याचा विचार करण्यापूर्वी त्याचा दोष खरोखर त्याचाच आहे का, हे पाहणे न्यायाचे ठरेल. कंडेन्सरच्या जाळीवर धूळ आणि पिठाचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही आणि काँप्रेसर विनाकारण राबतो. मऊ ब्रशने ती जाळी साफ करण्यास अर्धा तासही लागत नाही. मागे वारा खेळण्याइतकी जागा नसेल, यंत्र भट्टीशेजारी किंवा दुपारच्या उन्हात असेल, तर नवे आणलेले यंत्रही तेथे तसेच वागेल. जळगाव-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात याचा प्रत्यय लवकर येतो. दाराची रबरी पट्टी तपासण्यासाठी साधा कागद पुरे. कागद दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावे. तो अडथळ्याविना निसटला, तर त्या जागेतून थंडावा रात्रंदिवस बाहेर जात आहे. पट्टी, थर्मोस्टॅट, रिले, कपॅसिटर, पंख्याची मोटर हे सुटे भाग आहेत. ते बदलावेत; त्यासाठी यंत्र मोडीत काढणे हा उधळेपणा होईल. आत बोटभर बर्फ साचू देऊन मग ‘गारवा येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यालाही यंत्राला दोष देण्याचा अधिकार नाही.

एवढे केल्यावर तापमान मोजावे, आणि तेही यंत्राच्या दर्शनी आकड्यावरून नव्हे. वेगळा तापमापक थंड ठेवण्याच्या कपाटात पाण्याच्या पेल्यात बुडवून, आणि गोठवणीच्या पेटीत मालाच्या पाकिटांच्या मध्ये, रात्रभर ठेवावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते. मालाचे तापमान खोटे बोलत नाही. थंड ठेवायचा माल 5 अंश सेल्सियस किंवा त्याखाली आणि गोठवलेला माल उणे 18 अंश किंवा त्याखाली असावा, अशी अन्नसुरक्षेची अपेक्षा आहे. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी, म्हणजे सात-आठ तास कोणी दार उघडलेले नसताना, जे यंत्र हा आकडा गाठू शकत नाही, ते दिवसभरच्या उघडझापीत तो कधीच गाठणार नाही. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे लागू लागले किंवा डबा न उघडताच त्याची पातळी खाली बसली, तर तो माल मध्येच वितळून पुन्हा गोठला आहे, असे समजावे.

दुसरी परीक्षा कानाची आहे. निरोगी यंत्राचा काँप्रेसर काही वेळ चालतो आणि मग विश्रांती घेतो. उन्हाळ्याच्या दुपारी तो अधिक वेळ चालणे स्वाभाविक. परंतु रात्री, दार बंद असताना, साफसफाईनंतरही तो क्षणभर थांबत नसेल, तर तो आपल्या शक्तीच्या शेवटाशी आला आहे.

गॅसविषयी व्यापाऱ्यांत एक चुकीची समजूत खोलवर रुजलेली आहे. गाडीत पेट्रोल संपते तसा यंत्रातला गॅस संपतो आणि दर दोन वर्षांनी तो भरावाच लागतो, असे मानले जाते. वास्तविक हा गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो. तो खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. सांध्यापाशी तेलाचा ओशट डाग दिसणे, किंवा नळीच्या काही भागावरच बर्फ धरणे आणि बाकीची नळी कोरडी राहणे, ही तिची चिन्हे. गळती न शोधता गॅस भरून देणारा मिस्त्री दुरुस्ती करत नाही, पुढल्या फेरीची सोय करतो. गळती उघड्या सांध्यावर असेल तर ती झाळून बंद होते. परंतु झाकणाच्या पेटीवजा फ्रीझरमध्ये थंडावा देणारी नळी बहुधा आतल्या पत्र्यामागे, फोममध्ये गाडलेली असते. तेथे गळती झाली तर ती गाठण्यासाठी पेटीच फोडावी लागेल. काही कारागीर आतून वेगळी नळी फिरवून मार्ग काढतात. त्याने काही महिने निभावतात, जागा कमी होते आणि बर्फ वेडावाकडा धरतो.

तसाच असाध्य रोग म्हणजे फोममध्ये शिरलेले पाणी. भिंतीतील फोम कोरडा आहे तोवरच तो उष्णता अडवतो. पत्रा गंजून छिद्र पडले, उंदराने कोपरा कुरतडला, की दमट हवा आत शिरते, गोठते आणि फोम भिजतो. तो पुन्हा सुकवता येत नाही. बाहेरच्या पत्र्याच्या एखाद्याच भागावर कायम घाम येणे, तेवढा भाग हाताला गार लागणे, हे त्याचे लक्षण आहे. येथे एक खुलासा हवा. काही फ्रीझरच्या बाजू हाताला कोमट लागतात, कारण त्यांचा कंडेन्सर बाहेरच्या पत्र्याआडच बसवलेला असतो. कोमटपणा हा दोष नाही. ओला गारवा हा दोष आहे.

काँप्रेसर जळणे हा प्रसंग निर्णयाचाच असतो. जळताना तेलात आम्ल तयार होऊन ते सर्व नळ्यांत पसरते. नळ्या धुऊन, फिल्टर-ड्रायर बदलून, पूर्ण निर्वात करून नवा काँप्रेसर बसवला तर ठीक. नुसता काँप्रेसर बदलला तर उरलेले आम्ल नव्यालाही खाते. दहा वर्षांवरील यंत्राचा दुसऱ्यांदा काँप्रेसर जळला, तर तिसरा बसवू नये.

जुन्या यंत्रांतील आर-22 या वायूचा प्रश्न वेगळा आहे. ओझोनच्या थरास हानी करणारे वायू थांबवण्यासाठी 1987 साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 साली सामील झाला. त्या बांधिलकीनुसार नवी यंत्रे बनवताना या गटातील वायू वापरणे 2024 अखेर थांबवण्याचे ठरले. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो अद्याप मिळतो, पण पुरवठा आटत जाणार हे उघड आहे. त्याऐवजी स्वस्त पडतो म्हणून आर-290 भरून देण्याची तयारी एखादा मिस्त्री दाखवतो. आर-290 म्हणजे प्रोपेन, ज्वालाग्राही वायू. त्यासाठीच घडवलेल्या नव्या यंत्रात तो उत्तम आहे; आर-22 च्या जुन्या यंत्रात तो भरणे म्हणजे दुकानात आगीला निमंत्रण देणे आहे.

आता हिशेबाकडे वळावे, कारण खरी गोम तेथेच आहे. जुन्या यंत्राचा खर्च वह्यांत एके ठिकाणी कधीच दिसत नाही. मिस्त्रीची बिले दुरुस्ती खात्यात जातात, विजेचे बिल वीज खात्यात, आणि फेकलेला माल तर कुठेच नोंदला जात नाही. तो वर्षअखेरीस नफ्याच्या घटीत मुकाट्याने मिसळतो. रोजमेळ चोख ठेवणाऱ्या पेढीतही या तीन रकमांची बेरीज कोणी करत नाही. म्हणून यंत्राच्या नावाने एक स्वतंत्र पान उघडावे आणि वर्षभर तिन्ही नोंदी त्यावर घ्याव्यात.

विजेची नोंद कठीण नाही. प्लगला जोडायचा छोटा मीटर मिळतो; तो नसेल तर रात्री बाकी सर्व बंद ठेवून सकाळी दुकानाच्या मीटरचा फरक पाहावा. समजा, जुने यंत्र दिवसाला 7 युनिट घेते आणि त्याच आकाराचे नवे साडेतीन घेईल. युनिटला 12 रुपये धरले तर वर्षाचा फरक 15,330 रुपये. दोनदा भरलेला गॅस आणि पंख्याची मोटर मिळून 6,500, फेकलेले पनीर-श्रीखंड 4,000. एकूण 25,830. नवे यंत्र 30,000 ला आणि जुन्याचे मोडीत 2,000 आले, तर गुंतवणूक 28,000. ती सुमारे तेरा महिन्यांत परत येते. आकडे समजुतीपुरते आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. बेरीज नव्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ पोचली, की बदलण्याचा विचार गंभीरपणे करावा.

‘वहीत अजून रक्कम शिल्लक आहे, मग मोडीत कसे काढायचे?’ हा प्रश्न जुन्या पिढीतील व्यापारी हटकून विचारतात. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर घटत्या शिलकीने 15 टक्के घसारा मिळतो. या पद्धतीत शिल्लक शून्य होतच नाही. 40,000 चे यंत्र दहा वर्षांनंतरही सुमारे 7,900 रुपयांचे दिसते. प्रत्यक्षात भंगारवाला दोन हजार देईल. वहीतला आकडा यंत्राच्या आयुष्याविषयी काहीच सांगत नाही. ते विकल्याने कराचे नुकसानही सहसा होत नाही, कारण त्या दराच्या गटात इतर यंत्रे असतील तर विक्रीची रक्कम वजा होऊन बाकी शिल्लक गटातच राहते आणि तिच्यावर घसारा मिळत राहतो. नवे यंत्र आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर मात्र त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणून ते सप्टेंबरअखेर वापरात आणणे हिताचे. चातुर्मासात थंड मालाची विक्री मंदावलेली असते, मिस्त्रीला सवड असते आणि दिवाळीचा खवा यायला अवकाश असतो. सोयीचा काळही तोच. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर खरेदीवरील कराची वजावट मिळते, कंपोझिशन योजनेत ती मिळत नाही. जुने यंत्र बँकेच्या कर्जावर तारण असेल, तर ते हलवण्यापूर्वी बँकेचे लेखी पत्र घ्यावे. विम्याबाबतही गाफील राहू नये. साधा अग्निविमा यंत्र बंद पडून नासलेल्या मालाची भरपाई देत नाही.

राहिला प्रश्न जुन्या यंत्राचा. भंगारवाल्याने नळी कापली की गॅस हवेत जातो. म्हणून तो आधी काढून घेणाऱ्याकडे, ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे किंवा बदलीत परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे ते द्यावे. समाजात आणखी एक रीत आहे: दुकानातून काढलेला फ्रीझर तीर्थक्षेत्रावरील भोजनशाळेला किंवा पाठशाळेला भेट देण्याची. हेतू चांगला असतो, पण जे यंत्र दुकानाला परवडत नाही त्याचे विजेचे बिल मग संस्थेच्या साधारण खात्यातून, म्हणजे इतरांच्या दानातून भरले जाते, आणि साधर्मिकांच्या ताटात येणारे दूध-पनीर त्याच दुबळ्या पेटीतून निघते. द्यायचेच असेल तर विजेच्या युनिटांची, रात्रीच्या तापमानाची आणि वर्षभराच्या दुरुस्तीची ती नोंद व्यवस्थापकाच्या हाती सोबत द्यावी, आणि ते घ्यायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे.