ट्यूबखालचा ओठ

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना बेडसोअर ठाऊक असतो. तो माकडहाडाला होतो, टाचेला होतो. तोंडात कसा होईल? होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची ट्यूब प्रौढांमध्ये साधारण २१ ते २३ सेंटिमीटरच्या खुणेवर तोंडापाशी पक्की केलेली असते. ती ओठाच्या कोपऱ्यावर, जिभेच्या कडेवर एकाच जागी टेकून राहिली, की तिथल्या केशवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि काही तासांतच इजा सुरू होऊ शकते. अमेरिकेतल्या नॅशनल प्रेशर अल्सर ॲडव्हायझरी पॅनेलने २०१६ मध्ये उपकरणांमुळे होणाऱ्या आणि श्लेष्मल त्वचेवरच्या अशा इजांच्या वेगळ्या व्याख्या केल्या. पाठीच्या जखमेचे टप्पे तोंडातल्या जखमेला लावत नाहीत, कारण त्या त्वचेची रचनाच निराळी असते.

‘ट्यूब जितकी घट्ट, तितका रुग्ण सुरक्षित’ हा समज सगळ्यांत हट्टी आहे, आणि त्यामागची भीती खोटी नाही. ट्यूब निसटली तर काही मिनिटांत जिवावर बेततं. पण सलाइन आणि आजारामुळे चेहरा सुजतो आणि संध्याकाळी नीट बसलेली पट्टी पहाटेपर्यंत ओठात रुतते. म्हणून जाणत्या सिस्टर जोडीने काम करतात. एक जण ट्यूब धरून ठेवते, हात हलू देत नाही. दुसरी पट्टी सोडवते, सक्शन करते, टॉर्च मारून ओठाची आतली बाजू, हिरडी आणि जीभ बघते. सावळ्या ओठावर लाली चटकन कळत नाही. पांढुरका किंवा जांभळट डाग, सूज, साल निघालेली जागा शोधावी लागते. मग ट्यूब दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायची, सेंटिमीटरची खूण जुळवायची, दोन्ही फुप्फुसांत हवा जाते का ते ऐकायचं, ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्याचा, म्हणजे कफचा, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका आहे ना ते तपासायचं. चावू नये म्हणून ठेवलेला बाइट ब्लॉकही जीभ दाबतो, तोही उचलून बघायचा.

जखम दिसली की ‘नर्सने दुर्लक्ष केलं’ असं म्हणणं सोपं असतं. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रिनॅलिन चालू असेल, किंवा कोविडकाळात अनेकांना ठेवलं तसं रुग्णाला तासन्‌तास पालथं ठेवलं असेल, तर चोख काळजी घेऊनही इजा होऊ शकते. मात्र बऱ्याच इजा टळू शकतात, आणि त्यासाठी दोन माणसं लागतात. रात्रपाळीत एकाच सिस्टरवर व्हेंटिलेटरचे तीन-चार रुग्ण सोपवणाऱ्या व्यवस्थेने तिच्याकडे बोट दाखवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसलं की झालं, असंही नाही. न्यूमोनिया टाळण्यासाठी अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२२ मध्ये रोज ब्रशने दात घासण्यावर भर दिला आणि क्लोरहेक्सिडिनची शिफारस केली नाही. तीव्र द्रावणाने काहींच्या तोंडाची आतली त्वचा सोलवटल्याचंही आढळलं आहे.

आणि गुंगीतल्या माणसाला दुखत नाही, हे तर मनातून काढूनच टाकावं. त्याला सांगता येत नाही, एवढंच.

भेटीच्या वेळी ओठ सुजलेला दिसला, तर पट्टीला हात लावू नका, विचारल्याशिवाय तूप किंवा खोबरेल चोळू नका. सरळ विचारा, ‘सिस्टर, ट्यूबची बाजू शेवटची कधी बदलली?’