आधी हसवले, मग रडवले

आमिर खानचा ‘लगान’ आठवतो ना? २००२ साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर त्याच्या हातून गेले, ते बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला मिळाले. त्यातला नायक ब्रांको जुरिच हा मूळचा विनोदी नट. जन्म १९६२ चा, सारायेव्हो शहरातला. तरुणपणी त्याने गाण्याबजावण्याचा संच काढला. नाव ठेवले ‘बोंबाय श्टाम्पा’, म्हणजे मुंबई प्रेस!

पुढे टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत त्याच्या चमूने सारायेव्होच्या मधोमध भिंत उभी केली. लोक हसले. १९९२ मध्ये खरेच युद्ध पेटले, शहराला वेढा पडला. जुरिचने स्लोव्हेनियात बिऱ्हाड थाटले. ‘नो मॅन्स लँड’मध्ये तो खंदकात अडकलेला सैनिक आहे. समोर शत्रू, पण बोली एकच! शेजाऱ्याशी वैर धरले, तर बांधाच्या दोन्ही बाजूंची घरे बुडतात, हेच खरे.