यंदापुरती वाट

व्हरमाँटमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक आगळीक घडली. पुण्याहून भाऊ आणि वहिनी आले होते. बर्फ दाखवायला म्हणून त्यांना गावामागच्या जंगलातल्या वाटेवर नेलं. दुपारच्या उन्हानं बर्फ मऊ पडला होता. साधे बूट घालून, पोटरीपर्यंत रुतत, हसत-खिदळत आम्ही दीडेक किलोमीटर चाललो. फोटो काढले, घरी येऊन चहा प्यायलो.

रात्री कडाक्याची थंडी पडली आणि आमच्या पावलांचे खड्डे दगडासारखे गोठले. पहाटे, ही वाट राखणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांची स्की त्यातल्याच एका खड्ड्यात अडकली. ते पडले, मनगट मोडलं.

स्की म्हटलं की आपल्याला उतारावरून सुसाट घसरणारी माणसं आठवतात. क्रॉसकंट्री स्कीइंग निराळं. लांब, अरुंद, हलक्या स्की; बुटाचा पुढचा भाग तेवढा जखडलेला, टाच मोकळी; आणि चढ असो की सपाटी, जायचं स्वतःच्या बळावर. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. तिच्यामुळे वजन पसरतं आणि पाय फारसा रुतत नाही. आमच्या वाटेवर दोन्ही चालतं. तिकीट नाही, फाटक नाही, पगारी माणूस नाही. गावातलीच पंधरा-वीस माणसं ती राखतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

अपराध कबूल करायला त्यांच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये होता. ते रागावले नाहीत. ‘करवत चालवता येते का?’ एवढंच विचारलं.

हिवाळ्यातल्या वाटेचं निम्मं काम पानगळीतच होतं, हे मी तेव्हा शिकलो. पडलेली झाडं कापायची, ओढ्यावरचे लाकडी साकव डागडुजी करायचे, पाणी वाटेवरून न वाहता बाजूला जावं म्हणून चर खणायचे. फांद्या मात्र डोक्याच्या बऱ्याच वर छाटायच्या. का? तर चार फूट बर्फ साठला की माणूसही चार फूट वर चालतो! झाडांवरच्या खुणाही त्याच हिशेबानं उंच ठोकायच्या.

बर्फ पडला की स्नोमोबिलमागं जड रूळ ओढून तो दाबायचा, मग स्कीसाठी दोन समांतर चाकोऱ्या पाडायच्या. हे शक्यतो रात्री. थंडीत काही तास मिळाले की दाबलेला बर्फ घट्ट होतो. एवढं करून झोपावं, तर सकाळी पुन्हा वीतभर बर्फ!

अशा श्रमदानाची या राज्याला जुनी सवय आहे. १९८४ साली तीन तरुण मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत स्कीवरून गेले. त्यातून कॅटामाउंट ट्रेल उभी राहिली. सुमारे ३०० मैलांची ही वाट तुकड्या-तुकड्यांनी स्वयंसेवकच सांभाळतात. तिचा बराच भाग खासगी जमिनींतून जातो.

आमच्या वाटेचंही तसंच. कुणाचं गवताचं शेत, कुणाची मेपलची राई. या राईत फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाझाडांतून रस वाहून नेणाऱ्या नळ्या ताणलेल्या असतात. स्कीची काठी लागून एक तुटली तरी मालकाचं नुकसान. पैसे न घेता जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाला इथला कायदा अपघाताच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण देतो. पण जमीन खुली ठेवच, असं कायदा म्हणत नाही. ती निव्वळ मर्जी.

जुलै २०२३च्या पुरात आमचे दोन साकव वाहून गेले. पुन्हा बांधले. जुलै २०२४मध्ये राज्यात पुन्हा पूर आला आणि त्यातला एक पुन्हा गेला. लाकूड, खिळे, माणसं जमवता आली. खरी धास्ती वाटली ती मधलं एक शेत विकलं गेलं तेव्हा. तेवढे चाळीस एकर बंद झाले की वाटेचे दोन तुकडे, मधून जायला दुसरी जागा नाही.

नव्या मालकाकडे आम्ही दोघं गेलो. गृहस्थांचं मनगट थंडीत अजून दुखतं, म्हणून बोलणं माझ्याकडे होतं. मालकानं शांतपणे विचारलं, ‘लोक सांगितलेल्या जागेवरूनच चालतील, याची हमी कोण देणार?’

मी आमच्या दुपारची सगळी हकिगत सांगितली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या मनगटाकडे मालकानं एकदा पाहिलं.

‘यंदापुरती,’ तो म्हणाला.

परतताना गृहस्थ खुशीत होते. मी म्हटलं, एकाच वर्षाची तर परवानगी! ते म्हणाले, ‘मी तीस वर्षं दर वर्षी यंदापुरतीच मागत आलोय.’

पुढच्या शनिवारी त्या शेताच्या कडेनं मी खुणा ठोकल्या. उंचावर, चार फूट बर्फ धरून.