एक्स रिसोर्स : खिडक्या घडवणाऱ्यांचे त्रैमासिक

पहिल्याच अंकावर ‘अंक शून्य’ छापण्याची हौस प्रोग्रॅमरलाच असू शकते. ओरायली या अमेरिकी प्रकाशनसंस्थेचे ‘द एक्स रिसोर्स’ हे त्रैमासिक १९९१ मध्ये निघाले ते असेच. विषय एकच, एक्स विंडो सिस्टिम. युनिक्सच्या पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू ज्याच्या आधारावर उभे असत, ते हे सॉफ्टवेअर १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी सुरू केले. त्याची अकरावी पिढी १९८७ ची, आणि ती अजून वापरात आहे.

एक्सची मांडणी नवख्याला उलटी वाटते. सर्व्हर असतो आपल्या टेबलावर, पडदा आणि कीबोर्ड सांभाळत. प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर चालतो आणि ‘इथे रेघ काढ, तिथे अक्षर लिही’ असे निरोप धाडत राहतो. कोणता निरोप कसा लिहायचा हे जाडजूड पुस्तकांत होतेच. प्रत्यक्षात गाडी कुठे अडते, हे या त्रैमासिकात येई. लिहिणारे बहुतेक तेच काम करणारे, आणि जानेवारीच्या अंकात एक्सच्या वार्षिक तांत्रिक परिषदेतले निबंध असत.

जानेवारी १९९३ चा पाचवा अंक घ्या. जिम फुल्टन आणि ख्रिस कँटारजिएव्ह यांनी त्यात ‘लो बँडविड्थ एक्स’ म्हणजे एलबीएक्सची हकिगत लिहिली. काम तेव्हा चालूच होते, आणि अपुरे काम असे उघड्यावर मांडणे मला धिटाईचे वाटते. प्रश्न होता सेकंदाला ९,६०० बिट नेणाऱ्या मोडेमवरून एक्स चालवण्याचा. मध्ये एक दलाल प्रोग्रॅम बसवायचा, निरोप दाबून लहान करायचे, एकदा मिळालेली उत्तरे जवळ ठेवून शक्य तिथे परस्पर द्यायची.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या वाचकाला ही अडचण जुनी वाटणार नाही. गणेशगुडीला सुपा धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, पण अणशीकडच्या रानात फोनची रेंज हुडकावी लागते. तरी खरी मेख तार बारीक असण्यात नव्हती. एक्समधले सर्वात लहान उत्तर अवघे ३२ बाइटचे असते. वेळ जातो तो त्याची वाट बघण्यात. मीठ आणायला दांडेली, परत येऊन काडेपेटीसाठी पुन्हा दांडेली, असा बाजार करणाऱ्याला रुंद रस्ता देऊन काय उपयोग? त्याला यादी हवी. एक्सच्या १९९४ च्या आवृत्तीत अनेक नावांची चौकशी एकाच खेपेत करणारी सोय आली, ती हीच यादी.

एलबीएक्स मात्र फसले. त्याच्या आराखड्यावर ज्यांचे नाव आहे त्या कीथ पॅकार्ड यांनीच २००१ मध्ये त्याची उत्तरीय तपासणी लिहिली : दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या एसएसएचमधली साधी दाबणीही जवळपास तेवढेच काम करते, आणि खेपा कमी करायच्या तर प्रोग्रॅमच सुधारायला हवेत. १९९३ चा लेख आणि ही तपासणी शेजारी ठेवून वाचावी. माझ्या मते नवीन माणसाने दुसरी आधी वाचावी.

एक्सवर देवनागरी लिहिणाऱ्या आपल्याला जाच झाला तो अक्षरांचा. जुन्या एक्सला अक्षर म्हणजे फाँटमधला एक क्रमांक, एकामागून एक डावीकडून उजवीकडे ठेवायचा. ‘कि’मधली वेलांटी क-च्या आधी सरकते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, हे त्याच्या गावी नव्हते. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधनसंस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्पात ही समज एक्सच्याच पातळीवर घालण्याचा प्रयत्न केला. पुढे अक्षरजुळणी प्रोग्रॅमच्या बाजूला गेली आणि २००२ च्या ग्नोम २ या डेस्कटॉपमध्ये पँगो हे जुळणीचे सॉफ्टवेअर रुळले.

अक्षरांच्या या जाचावर मराठीत कामाचा लेख लिहायचा असेल तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी ठेवून सुरुवात करावी. दोन्हींत ‘र’ला ‘य’ जोडलेला, पण पहिल्यात रफार आणि दुसऱ्यात मराठीचा खास आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक देऊन. दोन्ही रीतींचे संकेतांक, फाँटचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि चुकलेल्या पडद्याचे चित्र, एवढे तरी लेखात हवे.