अम्मीच्या डायऱ्या, नातीची वही

रमजान म्हटलं की आमच्या हिंदू मित्रमैत्रिणींना आधी उपास आठवतो, मग इफ्तारची भजी आणि शेवटी ईदचा शीरखुर्मा. तक्रार नाही, शीरखुर्मा आठवलाच पाहिजे. पण आमच्या घरांत हा महिना वाचनाचाही असतो. कुरआनचे तीस भाग आहेत, त्यांना आम्ही पारे म्हणतो, आणि रमजानचे दिवस असतात एकोणतीस किंवा तीस. रोज एक पारा वाचला की ईदच्या चंद्रापर्यंत कुरआन पूर्ण होतो. पैगंबरांवर जो पहिला शब्द उतरला तो 'इक्रा', म्हणजे 'वाच', अशी आमची श्रद्धा आहे, आणि तो याच महिन्यात उतरला. हे दरवर्षी सांगितलं जातं. त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त आवडते, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही.

कुरआन साधारण तेवीस वर्षांत थोडा थोडा उतरला. ऐकणाऱ्यांनी तो पाठ केला. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी खजुराच्या झावळ्यांचे देठ, कातडं, जनावरांची रुंद हाडं, हाताला जे लागेल त्यावर लिहून ठेवला. पैगंबरांनंतर यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले पुष्कळ लोक मारले गेले. तेव्हा पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी झैद बिन साबित यांच्याकडून हे सगळे तुकडे एकत्र करून घेतले. ती प्रत पुढे हजरत उमर यांच्याकडे आली, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीकडे, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी हजरत हफ्सा यांच्याकडे राहिली. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी नकला काढण्यासाठी ती मागून नेली आणि परत पाठवली. म्हणजे ज्या प्रतीवरून नकला निघाल्या, ती एका बाईच्या घरात सांभाळून ठेवलेली होती. हफ्सांना लिहायला शिकवलं तेही शिफा बिन्त अब्दुल्ला नावाच्या बाईंनी, असं परंपरा सांगते. मुलींच्या शिक्षणावर बोलायला उभ्या राहणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं.

कुणी बोलावं आणि कुणी उतरवून घ्यावं, हे आपल्या खान्देशाला काही नवं नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. ते उतरवून घेतलं साने गुरुजींनी, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हातात आहे. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. इकडे जळगावात बहिणाबाई चौधरी. अक्षर ओळख नाही, तिसाव्या वर्षी वैधव्य, आणि शेतात, चुलीशी, जात्यावर सुचत जाणारी गाणी. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी ती जमेल तशी कागदावर घेतली. बहिणाबाई 1951च्या डिसेंबरात गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952मध्ये पुस्तक आलं. त्याच अत्र्यांनी 1953मध्ये 'श्यामची आई'वर चित्रपट काढला. दोन वर्षांत दोन आया महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या, आणि दोन्ही मुलांच्या हातून. बहिणाबाईंना काशी नावाची मुलगीही होती. ती गाणी तिनेही ऐकली असणारच. पण त्या काळात लेखणी कुणाच्या हातात असायची, हे वेगळं सांगायला नको.

उर्दूत मात्र बायका स्वतःच लिहीत होत्या, आणि बऱ्याच आधीपासून. 1898मध्ये लाहोरला मुहम्मदी बेगम यांनी 'तहजीब-ए-निस्वां' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. पतीच्या मदतीने, पण संपादक त्या. घरखर्च कसा चालवावा, मुलांना कसं वाढवावं, काय वाचावं, यावर ठिकठिकाणच्या बायका त्यात लिहायच्या. पुष्कळजणी स्वतःचं नाव न देता अमक्याची मुलगी, तमक्याची आई अशा सह्या करायच्या. नज्र सज्जाद हैदर सुरुवातीला 'बिन्त-ए-नज्रुल बाकर' म्हणून लिहीत. बिन्त म्हणजे मुलगी, आणि पुढे वडिलांचं नाव. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या कुर्रतुलऐन हैदर या त्यांच्याच कन्या. वर्गात हे सांगितलं की मुली हसतात. मग त्यांच्यातल्या काहीजणी मोबाइलवर कोणत्या टोपणनावाने लिहितात ते विचारलं, की हसू थांबतं.

माझी अम्मी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. माहेर जळगाव, सासर धुळे. शिक्षण नगरपालिकेच्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत. दिल्लीहून निघणारी 'खिलौना' आणि 'बानो' ही मासिकं गल्लीत एकाच घरी यायची आणि मग वीस घरं फिरायची. अम्मीच्या हाती ती येईपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं. लग्नानंतर आडत्याकडून दर दिवाळीला अब्बूंना डायरी मिळे. अब्बूंना तिचा उपयोग नव्हता, अम्मीला होता. अशा सात डायऱ्या घेऊन ती यंदा माझ्याकडे जळगावला आली आहे. मोतीबिंदू पिकलाय, शस्त्रक्रिया ईदनंतर. तिला स्वतःचं अक्षर आता वाचता येत नाही.

माझी लेक नववीत आहे, सेमी-इंग्रजी. तिला मराठी, हिंदी, इंग्रजी येतं आणि ती कुरआनही वाचते. तरी नानीची डायरी तिला वाचता येत नाही. हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, म्हणून सांगते. कुरआनच्या छापील प्रतीत जेर-जबर, म्हणजे इकार-अकाराच्या खुणा, प्रत्येक अक्षरावर असतात. उर्दू लिहिताना कुणी त्या देत नाही. मीम आणि लाम ही दोन अक्षरं जोडून लिहिली की ती मिल असेल, मल असेल किंवा मुलही असेल. भाषा कानात असेल तरच डोळे ती वाचतात. आमच्या घरी बोलणं उर्दूच आहे, पण आता अर्धं मराठी झालेलं, आणि लेकीचं वाचन सगळं नागरीत. अशी मुलं आज घरोघरी आहेत. त्यांच्या आज्यांची पत्रं, पाककृती, हिशेब, सगळं ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्लीही घरातच आहे.

मुलं वाचत नाहीत, ही ओरड मला पटत नाही. ती दिवसभर वाचत असतात, तुकड्या-तुकड्यांनी. सवय उपदेशाने लागत नाही, तिला ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा लागते. रमजान ती फुकट देतो. दुपारचा चहा नाही, पाहुणे नाहीत, स्वयंपाक अम्मीपुरता. ती मधुमेहामुळे रोजे धरत नाही आणि त्याबद्दल दिवसातून चार वेळा हळहळते. कॉलेजची सकाळची लेक्चर्स आटोपून, जोहरची नमाज झाली की दोन ते चार आम्ही तिघी मधल्या खोलीत. मी डायरी मोठ्याने वाचते, अम्मी दुरुस्त करते, लेक शंभर पानी वहीत नागरीत उतरवते. साडेचारला भजीचं पीठ भिजवायला उठावंच लागतं.

डायरीत काय आहे? थोर काही नाही. डाळींचे भाव. कुणाकडे बाळंतपण, कुणाकडे मयत. पांझरेला पाणी आलं. 'आज मिल का भोंगा नहीं बजा.' शेजारच्या काकूंकडून आलेलं वांग्याचं भरीत, आणि परत जाणाऱ्या डब्यात काय घातलं याची नोंद, कारण डबा रिकामा पाठवायचा नाही. एके ठिकाणी मी वाचलं, 'कलने की भाकर.' लेकीने मान वर केली. "मम्मी, कळण्याची!" उर्दूत ळ नाही. अम्मी बोलताना तो स्वच्छ उच्चारते, लिहिताना लाम काढते. नागरीत उतरवताना लेकीने तिथे ळ घातला, आणि नानीला वाचून दाखवला. पुढे तिला तोच नाद लागला. कुठे कुठे लामच्या आड ळ लपलाय ते ती शोधते. मला उर्दूची पदव्युत्तर पदवी आहे, पण या खेळात ती माझ्यापुढे आहे.

समासात बारीक उभ्या रेघा आहेत. काही खोडलेल्या, काही तशाच. लेकीने विचारलं, नानी, हे काय? बाईला काही दिवस रोजा माफ असतो. पाळीत, बाळंतपणात. ते रोजे नंतर वर्षभरात भरून काढायचे असतात. भरला की रेघ खोडायची. घरात कुणाला न सांगता, थंडीत, एकटीने धरलेले रोजे. महिनाभर सगळी गल्ली सोबत उपाशी असते तेव्हाची भूक वेगळी. डिसेंबरात सगळे जेवत असताना ताटं वाढत फिरणारीची वेगळी. तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. अम्मीने ठेवला होता.

1984च्या डायरीत रमजान जूनमध्ये आहे. त्या वर्षी महिन्याच्या महिना रेघाच आहेत, आणि एकही खोडलेली नाही. शेजारी एक नाव. मुलीचं. मी वाचलं आणि थांबले. मी तेव्हा तीन वर्षांची असेन, हे नाव घरात कधी ऐकलेलं नाही. अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाईस दिन की थी." आणि थोड्या वेळाने, "वो रोजे मैंने बाद में रखे. लकीरें नहीं काटीं." ते नाव मी इथे देत नाही, तशी परवानगी नाही. लेकीने ते वहीत लिहिलं. रेघाही मोजून काढल्या, जशा होत्या तशा. त्या दिवशी भजी झाली नाहीत. खजूर आणि रावेरची केळी यांवर इफ्तार झाला. नवऱ्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मीच आधी येऊन बसली. तिला आता संपादनाची हौस आली आहे. चुलत जावेशी झालेल्या भांडणाची तीन पानं वगळायची, असा तिचा हुकूम आहे, कारण ती जाऊ आता हयात नाही. लेक म्हणते, वगळायची तर तिथे तीन पानं वगळली असं लिहायचं. दोघींचं यावर दोन दिवस चाललंय. सोपानदेवांनी बहिणाबाईंचं काय काय वगळलं असेल, असंही लेक विचारते. पाचवीपासून ती त्यांच्या कविता पाठ म्हणत आली आहे, पण हा प्रश्न तिला आत्ता पडला. मी मध्ये पडत नाही. माझे अकरा पारे बाकी आहेत, डायऱ्या तीन.