रेल्वे रुळांवरील पृष्ठीय तड्यांचा शोध : लेसर-श्राव्यातीत पद्धती

प्रास्ताविक :
माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. अखंड माठ खणखणीत वाजतो, चीर गेलेला बद्द वाजतो. रुळांच्या तपासणीमागेही हेच तत्त्व आहे. जामसांवलीच्या एका बाजूस पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावरील स्थानक आहे, तर दुसऱ्या बाजूस सौंसरवरून जाणारा नागपूर-छिंदवाडा मार्ग आहे. या मार्गावरील नॅरोगेज गाड्या 2015 मध्ये बंद झाल्या व पुढे तेथे ब्रॉडगेज आली. म्हणून हा विषय आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे.

तडे का पडतात ?
चाक व रूळ यांचा स्पर्श साधारण एक रुपयाच्या नाण्याहून लहान जागेत होतो. तेवढ्या जागेवर कित्येक टनांचा भार वारंवार येतो, त्यामुळे पोलाद थकते. रुळाच्या माथ्याच्या आतील कडेला, विशेषतः वळणावर, केसासारख्या बारीक भेगा पडतात. थंडीत रूळ आकसू पाहतो, जोडून लांब केलेल्या रुळात ताण वाढतो आणि भेग एकाएकी फाकते. इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे 17 ऑक्टोबर 2000 रोजी अशाच भेगांमुळे रुळाचे 300 हून अधिक तुकडे झाले व 4 प्रवासी दगावले. आपल्याकडे 26 नोव्हेंबर 1998 रोजी पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटल्याने झालेल्या अपघातात 200 हून अधिक जीव गेले.

प्रचलित पद्धत व तिची मर्यादा :
आपल्या रेल्वेत नियमित तपासणी प्रामुख्याने रुळाला टेकणाऱ्या श्राव्यातीत शोधकांनी होते. सरळ खाली जाणारा ध्वनी आडवे दोष दाखवतो, तर 70 अंशांनी तिरपा जाणारा माथ्यातील उभे तडे दाखवतो. शोधक व रूळ यांच्यात पाण्याचा थर लागतो, कारण हवेची फट राहिली तर ध्वनी पोलादात शिरतच नाही. शिवाय पृष्ठभागालगतच्या भेगा ध्वनी अडवतात, आणि त्यांच्या खालचा मोठा दोष झाकला जाऊ शकतो.

लेसर पद्धतीचे कार्य :
प्रकाशाच्या खंडित झोताने पदार्थात ध्वनी निर्माण होतो, हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1880 मध्ये दाखवले होते. येथे सुमारे 10 नॅनोसेकंदांचा लेसर स्पंद रुळावर पडतो. तेवढी जागा क्षणात तापून प्रसरण पावते व पोलादात लहरी उठतात. पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरींना रॅले लहरी म्हणतात. पोलादात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 3000 मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला 3 मिलिमीटर असतो. पलीकडे रुळाला न टेकणारा ग्राहक त्या टिपतो.

लहर साधारण एका तरंगलांबीइतकीच खोल जाते. 3 मेगाहर्ट्झला ती खोली 1 मिलिमीटर, तर 0.5 मेगाहर्ट्झला 6 मिलिमीटर होते. लेसरच्या एकाच स्पंदात अनेक वारंवारता असतात. तडा 2 मिलिमीटर खोल असेल तर उच्च वारंवारता अडते आणि नीच वारंवारता बऱ्याच अंशी त्याच्या खालून निसटते. कोणती वारंवारता पोहोचली यावरून खोलीचा अंदाज येतो.

वर्गासाठी उदाहरण :
लेसर व ग्राहक एकाच ठिकाणी असून प्रतिध्वनी 20 मायक्रोसेकंदांनी आला, तर लहरीने 60 मिलिमीटर अंतर कापले. हे जाण्या-येण्याचे अंतर असल्याने तडा 30 मिलिमीटरवर आहे.

अडचणी :
अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी लेसर व हवेतून ऐकणारा ग्राहक यांची जोड रुळांवर वापरून पाहिली. तथापि धूळ, वंगण, गाडीची कंपने, उपकरणांची किंमत आणि डोळ्यांना असलेला धोका या अडचणी राहतात.

समारोप :
ही पद्धत प्रचलित तपासणीला पूरक आहे, पर्याय नव्हे. रोज रुळावरून पायी फिरणाऱ्या कीमनची नजर आजही आवश्यक आहे. शिक्षकांनी हा विषय शिकवताना माठ व लोखंडी सळई वर्गातच वाजवून दाखवावी. विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी रुळांवर कदापि नेऊ नये.