शाळेच्या कारभारात पालकांचे स्थान

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात अनेक घरांतून मराठी बोलली जाते. १९५६ साली भाषावार राज्यरचनेत हा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. त्याच १९५६ साली घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास राज्यांनी झटावे, असे ते सांगते.

परंतु कलम घटनेत असते, शाळा गावात. तिचा कारभार गावानेच पाहावा म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती नेमून दिली. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे होत. सरकारी अनुदान व योजना या आराखड्याच्या आधारे ठरावयाच्या असतात. म्हणून मराठी शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती उणीव प्रथम तेथे नोंदली गेली पाहिजे.

सदस्य निवडण्याची सभा दुपारी भरली, तर कापूस वेचणारी माता मजुरी बुडवून कशी येणार? सभा सायंकाळी घ्यावी, सूचना घरच्या भाषेत द्यावी. गावातील माता गैरहजर राहिल्या, तर समिती कागदावर पूर्ण होईल. शाळेची गरज मात्र अबोलच राहील.